रात्रीचा वारा आणि तापलेली पणजी: समुद्र जवळ आहे एवढ्याने शहर निवते का?

आल्तिनोची_पायरी

गोव्यात शहरी उष्णतेचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते: "आपल्याकडे समुद्र आहे, रात्री वारा असतो, इथे उष्णतेचे बेट वगैरे होत नाही." (उष्णतेचे बेट म्हणजे रात्री शहर आसपासच्या मोकळ्या जमिनीपेक्षा उबदार राहणे.) मला ते उत्तर अर्धेच पटते.

शाळेच्या भूगोलात दोन बाण होते. दिवसा समुद्राकडून खारे वारे, रात्री जमिनीकडून मतलई वारे. दोन्हींच्या मधली वेळ त्या आकृतीत नव्हती. दुपारचा वायव्येचा वारा सूर्यास्तानंतर मंदावतो आणि पूर्वेचा वारा बहुधा मध्यरात्रीच्या पुढेमागे उठतो. मधले तीन-चार तास वारा पडलेला असतो, आणि नेमके त्याच वेळी स्लॅब, डांबर आणि भिंती दिवसभराची उष्णता बाहेर टाकत असतात. बेट या मोकळ्या वेळेतच वाढत असावे.

जाणकारांना प्रश्न असा: रात्रीचा वारा शहराची उष्णता किती घालवतो, किती वेगाला घालवतो, आणि पणजीसारख्या लहान शहरात तो गल्लीपर्यंत उतरतो का? डिसेंबर ते फेब्रुवारी सहा सेन्सर लावून मोजमाप करायचा विचार आहे. जागा आणि रात्री कशा निवडाव्यात तेही सांगा.

दशांश

चांगला धागा. आकड्यांपासून सुरुवात करू.

या विषयात टिमोथी ओक यांचे १९७३ चे सूत्र अजून वापरतात. (हे आपले ओक नव्हेत, कॅनडातले हवामानशास्त्रज्ञ.) निरभ्र रात्री शहर आणि आसपासचा मोकळा भाग यांच्या तापमानातला फरक = लोकसंख्येचे चौथे मूळ, भागिले वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची चौपट. वेग मीटर प्रति सेकंदात, मोकळ्या जागी १० मीटर उंचीवरचा.

पणजी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४०,००० होती. तिचे चौथे मूळ १४.१. वारा १ मी/से असेल तर फरक ३.५ अंश, ४ मी/से असेल तर १.८ अंश. म्हणजे वारा चौपट झाला की फरक निम्मा होतो. वर्गमुळामुळे सगळा खेळ कमी वेगांत आहे: अर्ध्यावरून दीड मी/से झाला तर मोठा बदल, सहावरून सातवर गेला तर जवळजवळ काही नाही.

ओक आणि हॅनेल यांचे १९७० चे दुसरे सूत्र बेट पुसून टाकणारा वेग सांगते: ३.४ गुणिले लोकसंख्येचा लॉगॅरिदम (पाया १०), वजा ११.६. पणजीसाठी उत्तर येते ४ मी/से, म्हणजे ताशी साडेचौदा किलोमीटर किंवा सुमारे ८ नॉट.

नवशिकी

एक शंका. पहिल्या सूत्राने ४ मी/से ला १.८ अंश फरक उरतो आणि दुसरे म्हणते ४ ला बेट संपते. दोन्ही कशी खरी?

दशांश

@नवशिकी, बरोबर पकडलेत. दोन्ही मोजमापांवर बसवलेल्या रेषा आहेत, मूळ नियमांतून काढलेल्या नाहीत. आणि पहिल्या सूत्राची मोजमापे क्वेबेकमधल्या वस्त्यांची आहेत: सपाट, समशीतोष्ण, समुद्रापासून लांब. दमट हवेत आकाशाकडून परत येणारे अवरक्त प्रारण (उष्णतेचे अदृश्य किरण) जास्त असते, म्हणून आपल्याकडे मोकळी जमीनसुद्धा तितकी निवत नाही आणि फरक त्या सूत्रापेक्षा कमी येतो. सूत्राचा आकार घ्यावा, आकडा घेऊ नये. वेगाच्या वर्गमुळाने उतार हा आकार, आणि ४-५ मी/से च्या पुढे बेट शोधत बसू नये ही व्यवहारातली मर्यादा.

खाजनकाठ

दशांश यांनी सांगितले ते मान्य, पण "वाऱ्याने बेट घटले" याचा अर्थ बहुतेकजण "वाऱ्याने शहर थंड झाले" असा लावतात. तो चुकीचा आहे, आणि या धाग्याची गाठ मला तिथेच दिसते.

बेटाची तीव्रता म्हणजे वजाबाकी: शहर वजा गाव. वारा नसलेल्या निरभ्र रात्री भातशेतीची जमीन आकाशाकडे उष्णता टाकून झपाट्याने निवते. तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन खाली बसते, वरची हवा उबदार राहते. उंचीबरोबर तापमान कमी होण्याऐवजी वाढते, म्हणजे तापमानाचा व्युत्क्रम होतो. शहरात हा थर नीट बसत नाही, कारण भिंती आणि रस्ते खालून हवेला ऊब देत राहतात.

आता ३-४ मी/से वारा आला की शेतावरचा थर घुसळला जातो आणि वरची उबदार हवा खाली येते. गावाचे तापमान वाढते. समजण्यासाठी कल्पित आकडे: शांत रात्री शहर २३, शेत १९, फरक ४. वारा सुटला, शहर २२.५, शेत २१.५, फरक १. कागदावर बेट तीन अंशांनी घटले. शहरातल्या माणसाला मिळाला अर्धा अंश.

म्हणून केवळ फरक नोंदवू नका. शहराच्या सेन्सरचा स्वतःचा उतार बघा: सूर्यास्तापासून दर तासाला किती अंश. वारा आल्यावर तो उतार वाढला तर वाऱ्याने शहर निवले. उतार तोच राहिला आणि शेताचा वक्र वर आला, तर निव्वळ वजाबाकी बदलली.

आल्तिनोची_पायरी

हे माझ्या डोक्यात नव्हते. देव बरें करूं. म्हणजे गावाकडचा सेन्सर काढून टाकायचा का?

खाजनकाठ

अजिबात नाही. तोच सांगेल की वारा खालपर्यंत घुसळला की वरच्या वर गेला. फक्त निष्कर्ष वजाबाकीवर टेकू नका.

कौलारू

वारा नेमकी किती उष्णता उचलतो याचा हिशेब छपरापासून करता येतो.

काँक्रीटची उष्णता साठवण्याची क्षमता घनमीटरला सुमारे २.१ मेगाजूल प्रति अंश. १२५ मिमीचा, म्हणजे पाच इंची स्लॅब १० अंशांनी निवायचा तर चौरस मीटरला २.६ मेगाजूल बाहेर पडले पाहिजेत. १०० चौरस मीटर गच्चीला हे ७३ युनिट होतात, वीजबिलातल्या युनिटांत मोजले तर.

बाहेर जायला दोन वाटा. आकाशाकडे प्रारण: दमट किनाऱ्यावर चौरस मीटरला साधारण ५०-६० वॉट, हिवाळ्याच्या कोरड्या रात्री त्याहून जास्त. आणि वाऱ्याने: अभियांत्रिकीतला जुना ठोकताळा, ५.७ अधिक ३.८ गुणिले वेग, इतके वॉट प्रति चौरस मीटर प्रति अंश. स्लॅब हवेपेक्षा ८ अंश गरम असेल तर वारा पडलेला असताना ४५ वॉट, १ मी/से ला ७६, ३ मी/से ला जवळजवळ १३७ वॉट.

केवळ प्रारणावर सोडले तर ७३ युनिट जायला अख्खी रात्र लागते. ३ मी/से वारा मिळाला तर पहिल्या काही तासांतच मोठा भाग निघून जातो. पुढे स्लॅब आणि हवेतला फरक कमी होत जातो तसा वेगही मंदावतो. शिवाय स्लॅबमधून उष्णता आरपार यायला चार-पाच तास लागतात, त्यामुळे खालच्या खोलीत छत सर्वांत गरम लागते ते संध्याकाळी सात ते नऊला. आल्तिनोची_पायरी यांनी सांगितलेली वारा पडण्याची वेळ तीच.

कौलाचे गणित वेगळे. मंगळुरी कौल जेमतेम दीड सेंटीमीटर जाड, साठा नगण्य, आणि सांध्यांतून हवा खेळते. सूर्य गेला की तासाभरात निवते. जुन्या घरांत जाड चिऱ्याच्या भिंती उष्णता धरत, पण वरचे छप्पर आणि मधले राजांगण ती सोडून देत. स्लॅब घालून आपण सोडणारा भागच साठवणारा केला.

मापसाकर_बाब

आणि त्या स्लॅबवर सगळ्यांनी पत्रे घातलेत, त्याचे काय?

कौलारू

पावसासाठी घातलेले पत्रे दिवसा सावली देतात, तेवढा फायदा खरा. रात्री मात्र स्लॅबला आकाश दिसत नाही, पत्र्याची खालची बाजू दिसते. अशा वेळी वारा हाच एक मार्ग उरतो, आणि नेमकी तिथेच चूक होते: चारी बाजूंनी पत्र्याच्या पट्ट्या मारून छप्पर बंद करतात. पूर्व-पश्चिम बाजू निदान दीड-दोन फूट उघड्या ठेवा आणि पाऊस आत येऊ नये म्हणून तिरक्या पट्ट्यांच्या झडपा लावा. गच्चीचा कठडा भरीव असेल तर वारा त्यावरून उडी मारून पत्र्याखालून न जाता वरून जातो. जाळीचा कठडा बरा. पत्रा पांढऱ्या रंगाचा असावा. नुसता चकचकीत पत्रा सूर्य परतवतो, पण रात्री स्वतःची उष्णता नीट सोडत नाही. रंगाच्या थराने ते सुधारते.

चिरेबंदी

गल्लीपर्यंत वारा उतरतो का, या प्रश्नावर.

रस्त्याच्या रुंदीशी इमारतींची उंची ताडून बघा. वारा रस्त्याला आडवा असेल आणि उंची रुंदीच्या साधारण ०.७ पटीपेक्षा जास्त असेल तर तो छपरांवरून घसरत जातो, खाली फक्त एक संथ भोवरा फिरतो. बारा मीटर रस्ता आणि दोन्ही बाजूंना पंधरा मीटरच्या इमारती म्हणजे १.२५. अशा ठिकाणी छपरावर ३ मी/से असताना रस्त्यात एक मी/से सुद्धा मिळेलच असे नाही. वारा रस्त्याच्या दिशेने असेल तर उलट, तो नळीतून गेल्यासारखा पळतो.

दुसरी गोष्ट आकाश किती दिसते. रस्त्याच्या मधोमध उभे राहून, उंची रुंदीइतकी असेल तर खुल्या जागेच्या ४५ टक्के आकाश, निम्मी असेल तर ७१ टक्के, दुप्पट असेल तर फक्त २४ टक्के. अरुंद गल्लीत प्रारणही अडते आणि वाराही अडतो, दोन्ही तोटे एकदम.

आता पणजीचा नकाशा. हिवाळ्यात मतलई वारा पूर्वेकडून, मांडवीच्या पात्रावरून रायबंदर-चोडणच्या बाजूने येतो. पाटो आणि मळा हा भाग त्याला आधी भेटतो. मग आल्तिनोची टेकडी. मुख्य बाजारपेठ टेकडीच्या पश्चिमेला, म्हणजे या वाऱ्याच्या आडोशाला. दुपारचा वायव्येचा वारा तिला सरळ मिळतो, पहाटेचा पूर्वेचा मिळतो तो नदीच्या बाजूने वळसा घालून. त्यामुळे नदीकडून आत जाणारे रस्ते मोकळे राहणे महत्त्वाचे. नदीकाठी सलग उंच इमारतींची भिंत उभी राहिली तर वळसा घालून येणारा वारा आत वळणार कुठून?

हाँगकाँगने २००३ च्या सार्स साथीनंतर मोठ्या बांधकामांसाठी वारा अडतो का याची तपासणी सुरू केली. जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये टेकड्यांवरून रात्री उतरणाऱ्या थंड हवेच्या वाटा नगररचनेत राखून ठेवतात. आपली वाट म्हणजे नदी, खाडी, खाजने (बांध घालून राखलेली खाडीकाठची सखल शेते) आणि ताळगावची शेते. तिथे भराव पडला की जमीन जाते, आणि वाऱ्याची वाटही जाते.

मडगांवची_हवा

पणजीचे सगळे बरोबर, पण मडगाव विसरू नका. समुद्र पाच-सहा किलोमीटर लांब, खारा वारा पोचेपर्यंत थकतो. पूर्वेला कुडतरी-चांदरची शेते आणि तळी असल्याने पहाटेचा वारा मात्र चांगला मिळतो. फोंडा त्याहून वेगळा, टेकड्यांच्या मधला खोलगट भाग. तिथे वारा पडला की टेकड्यांवरची थंड हवा खाली साचते आणि हिवाळ्यात जाळलेल्या पाचोळ्याचा धूरही तिच्यासोबत अडकतो.

सडा_आणि_सावली

मला मूळ विधान अजून पटत नाही. उपग्रहाच्या नकाशांत पणजी आसपासच्या सड्यांपेक्षा थंड दिसते. मग बेट कुठले?

दशांश

@सडा_आणि_सावली, तो नकाशा किती वाजताचा आहे ते पाहा. लँडसॅट सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. उन्हाळ्यात उघडा जांभा दगडाचा सडा त्या वेळी तव्यासारखा तापलेला असतो आणि शहरात इमारतींची, झाडांची सावली असते. शिवाय तो पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, हवेचे नाही. रात्रीचे हवे असेल तर मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचे २०२२ पर्यंतचे चित्र रात्री साडेदहा आणि दीडच्या सुमाराचे मिळते, पण त्याचा एक चौकोन एक किलोमीटरचा. पणजीत तेवढ्या चौकोनात नदी, बाजार आणि टेकडी तिन्ही येतात. म्हणून जमिनीवर सेन्सर लावण्याला पर्याय नाही.

सडा_आणि_सावली

दिवसाचा नकाशा होता. मुद्दा मागे घेतो.

पावसाची_वही

ऋतूंचा भेद केल्याशिवाय ही चर्चा भरकटेल. चिरेबंदी यांचे वर्णन डिसेंबर-फेब्रुवारीचे आहे. तेव्हा पणजीचे सरासरी किमान तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि मतलई वारा सह्याद्रीच्या पायथ्याची निवलेली, त्यातल्या त्यात कोरडी हवा घेऊन येतो. तो खरोखर थंड करतो.

मे महिन्यात सरासरी किमान साडेसव्वीसच्या आसपास. समुद्राचे पाणी ३० अंशांजवळ. रात्री समुद्राकडूनच वारा राहिला तर तो येतो त्या पाण्यावरून, दमट होऊन. असा वारा स्लॅब निववतो, कारण स्लॅब त्याहून गरम असतो, अंगावर घेतला तर बरे वाटते, पण हवेचे तापमान तो समुद्राच्या फार खाली नेऊच शकत नाही. जून ते सप्टेंबर ढग आणि जोराचा वारा, बेट जवळजवळ नाही. ऑक्टोबर मात्र दुर्लक्षित आहे: आकाश उघडते, माती ओली, हवा दमट आणि वारा पडलेला.

आणखी एक. हवामान खात्याच्या व्याख्येत "उष्ण रात्र" केव्हा, तर दिवसाचे कमाल ४० अंश किंवा जास्त असेल आणि किमान सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर असेल तेव्हाच. उष्णतेच्या लाटेसाठी किनारपट्टीला ३७ अंशांची वेगळी अट आहे, पण रात्रीसाठी अशी सवलत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर पारा चाळिशीला सहसा पोचतच नाही. म्हणजे इथली रात्र कितीही घुसमटलेली असली तरी नोंदीत "उष्ण" म्हणून येणे अवघड. स्वतंत्र मोजमाप हवे ते या कारणानेही.

मापसाकर_बाब

हे शेवटचे वाचून थक्क झालो. म्हणजे घामाने भिजलेल्या रात्रीला नावच नाही.

चुलीजवळ

घरात काय करायचे तेही कोणीतरी लिहा. सगळ्यांना टेकडी हलवता येणार नाही.

कौलारू

खिडक्यांचे गणित सोपे आहे. आत येणारी हवा = साधारण ०.५ ते ०.६ गुणिले उघड्या भागाचे क्षेत्र गुणिले खिडकीवरचा वेग. एक चौरस मीटर उघडी खिडकी, समोर तेवढीच दुसरी, वेग १ मी/से: तासाला १,८०० घनमीटर. तीन बाय चार मीटरच्या, तीन मीटर उंच खोलीत ३६ घनमीटर हवा असते, म्हणजे तासाला पन्नास वेळा हवा बदलली.

चुका तीन ठिकाणी होतात. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो. डासांची जाळी मंद वाऱ्यात एक तृतीयांश ते निम्मा प्रवाह खाते, आणि धूळ-मीठ बसलेली जाळी त्याहून जास्त; पंधरा दिवसांनी धुवावी. जाळी काढा असे मी म्हणणार नाही, डेंगी आहे; जाळी खिडकीच्या चौकटीवर न लावता पुढे काढून मोठ्या क्षेत्राची लावली तर तोटा भरून निघतो. आणि तिसरी, समोरची वाट बंद: खोलीचे दार मिटलेले असेल तर एका खिडकीने काही होत नाही. दारावर झडप ठेवा.

वारा पडलेल्या वेळी, आठ ते अकरा, खिडकीत बाहेर तोंड करून पंखा लावा आणि उलट बाजूची खिडकी उघडा. छताजवळची गरम हवा आधी बाहेर काढायची. बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा कमी झाल्यावरच हे करा, नाहीतर बाहेरचीच ऊब आत येईल.

चिरेबंदी

एसीचेही लिहिले पाहिजे. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो, त्यात स्वतःची वीज मिळवून पावणेसात किलोवॉटच्या आसपास बाहेर टाकतो. दोन इमारतींमधल्या चार फुटी बोळात असे दहा बाहेरचे युनिट एकावर एक असतील आणि वारा पडलेला असेल, तर वरच्या मजल्याचे युनिट खालच्यांचीच गरम हवा ओढते, जास्त वीज खाते आणि आणखी उष्णता टाकते. युनिट बोळात नको, रस्त्याच्या किंवा मोकळ्या बाजूला, आणि तेही एकाखाली एक न ठेवता सरकवून.

सेन्सरपेटी

मूळ प्रश्नाकडे. सहा सेन्सर घेताय तर डीएचटी २२ घेऊ नका, दमट खाऱ्या हवेत आर्द्रता लवकर भरकटते. एसएचटी ३१ घ्या, तापमानाची अचूकता ०.२-०.३ अंश. शक्य तर गाळणीच्या पडद्यासह येणारा. डीएस१८बी२० चालेल, ०.५ अंश, पण ४.७ किलोओहमचा पुल-अप रोध विसरला की वाचन तुटते. नोंदीत ८५ दिसला तर ते तापमान नाही, सेन्सर नुकताच सुरू झाल्याची खूण आहे. उणे १२७ म्हणजे तार सुटली. हे दोन आकडे आधीच गाळा, नाहीतर सरासरी बिघडेल.

ईएसपी ३२ बोर्ड (सेन्सर वाचून नोंद ठेवणारा) स्वतः तापतो. सेन्सर त्यापासून १५-२० सेंटीमीटर दूर, बोर्डाच्या खाली. दर दहा मिनिटांनी जागा होऊन नोंद घ्यावी, बाकी वेळ झोपलेला. वेळेसाठी डीएस ३२३१ घड्याळ, कारण सगळ्या सहांची वेळ जुळली नाही तर वाऱ्याचा परिणाम शोधता येणार नाही.

कवच: कुंडीखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या सहा-सात ताटल्या, मधल्यांना भोक, दोन सळ्यांवर १५-२० मिमी अंतर ठेवून. सोल्डरवर वॉर्निश किंवा नेलपॉलिश, मात्र सेन्सरच्या छिद्रावर नाही. पाली, मुंग्या आणि गांधीलमाश्या कवचात घर करतात, खालच्या ताटलीला बारीक जाळी.

लावण्याआधी सहाही एकत्र एका बंद खोलीत पंख्याखाली २४ तास ठेवा. प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक लिहून ठेवा आणि पुढे वजा करा. मोहीम संपल्यावर पुन्हा हेच. तुम्ही दीड-दोन अंशांचा फरक शोधताय, त्यात अर्ध्या अंशाची घोडचूक चालणार नाही.

सायकल_रिंगण

सहा खांबांच्या मधले काय? सायकलने भरून काढता येईल. मिरामार, कांपाल, बाजारपेठ, पाटो, मग रायबंदरचा बांध. साधारण सात किलोमीटर. ताशी १५ किमी वेग ठेवला की सेन्सरवर आपोआप ४ मी/से वारा मिळतो. पोलादी नळीतला सेन्सर मात्र सुस्त असतो, एक मिनिट मागे असला तरी अडीचशे मीटरची गल्लत. उघडा, बारीक टोकाचा थर्मिस्टर हवा.

आणि त्याच वाटेने परत यायचेच. संध्याकाळी तापमान तासाला अर्धा-एक अंश उतरत असते. सुरुवातीच्या जागी परतल्यावर जो उतार दिसेल तो वेळेच्या प्रमाणात प्रत्येक नोंदीत मिळवायचा. हे केले नाही तर शेवटचे ठिकाण नेहमीच थंड निघते.

खाजनकाठ

जागांबद्दल दोन सापळे.

एक, आल्तिनोवरची वेधशाळा. ती टेकडीवर आहे. शांत रात्री थंड हवा सखल भागात बसते आणि टेकडी उबदार राहते. तिचे आकडे "शहर" आणि खालच्या शेताचे "गाव" धरले तर जो फरक दिसेल त्यात उंचीचाच वाटा मोठा. उंचीसाठी शंभर मीटरला ०.६५ अंश ही नेहमीची दुरुस्तीही अशा रात्री लागू पडत नाही, चिन्हच उलटे असते. सहाही सेन्सर सखल भागात, एकाच उंचीवर हवेत.

दोन, "गाव" म्हणून पाण्याची कड निवडणे. भरलेले खाजन रात्री जमिनीपेक्षा उबदार असते. कोरडे शेत, पाण्यापासून निदान दोनशे मीटर.

आल्तिनोची_पायरी

सगळे जुळवून बदललेला बेत: बाजारपेठेतला अरुंद रस्ता, नदीकडे जाणारा मोकळा रस्ता, मळा, मिरामार, ताळगावचे शेत आणि चोडणला एक. खांबावर अडीच मीटर उंचीला, भिंतीपासून दीड मीटर दूर, एसीच्या झोतात नाही. खांबासाठी परवानगी आधी. वाऱ्याचे काय? सहा वातमापक परवडत नाहीत.

दशांश

एक घ्या, तो गच्चीवर. वाटीवाल्या वातमापकाची वाटी अर्धा ते एक मी/से खाली फिरतच नाही, म्हणजे तुम्हाला हवी तीच वेळ शून्य दिसेल. त्या तासांत गल्लीत उदबत्ती धरा: धूर सरळ वर गेला तर ०.३ मी/से च्या खाली, वाकला पण गालाला वारा लागत नाही तर दीडपर्यंत, पाने सळसळली आणि गालाला लागला तर दीड ते तीन.

प्रदेशाच्या वाऱ्यासाठी दाबोळी विमानतळाचे अर्ध्या तासाचे अहवाल. त्यांतल्या वाऱ्याच्या पाच अंकी गटात पहिले तीन अंक दिशा, पुढचे दोन वेग नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ०.५१ मी/से. ०९० म्हणजे पूर्वेकडून येणारा. पाचही शून्ये म्हणजे वारा पडलेला. वेळ जागतिक असते, साडेपाच तास मिळवा, तिथले १८.३० म्हणजे आपली मध्यरात्र. विमानतळ समुद्रालगतच्या पठारावर आहे, वेग पणजीच्या रस्त्यापेक्षा जास्तच दिसणार.

पावसाची_वही

रात्री निवडताना: आकाशाचा चौथा हिस्साही ढगांनी भरलेला नको, आधीचे दोन दिवस पाऊस नको. ओली माती सावकाश निवते आणि "गाव" खोटेच उबदार दिसते. आणि निव्वळ शांत रात्रीच निवडू नका. मतलई दहालाच सुटला अशा रात्री आणि दोनपर्यंत सुटलाच नाही अशा रात्री, दोन्ही गटांत निदान पाच-पाच हव्यात. बाजारपेठेतल्या सेन्सरचा रात्री आठ ते दोनचा उतार या दोन गटांत ताडून बघितला की मूळ प्रश्नाचे उत्तर तिथेच निघेल.

नवशिकी

वारा सुटला की मळ्याचा सेन्सर आधी उतरेल आणि बाजारपेठेचा नंतर, असे चिरेबंदींच्या म्हणण्यावरून दिसते. तो मधला वेळ मोजला तर?

चिरेबंदी

तोच मोजा. वेग अर्धा मी/से धरला तरी एक किलोमीटरला पस्तीसएक मिनिटे लागतील. त्याहून खूप जास्त वेळ लागला, किंवा बाजारपेठेचा वक्र हललाच नाही, तर टेकडीचा आडोसा आणि इमारती मिळून वारा अडवतात हे आकड्यांत दिसेल. मात्र मग दहा मिनिटांची नोंद अपुरी, पाच मिनिटांची ठेवा.

सेन्सरपेटी

पाच मिनिटांना बॅटरी साधारण निम्मे दिवस चालेल. दोन सेल समांतर जोडा.

खाजनकाठ

चोडणच्या सेन्सरसोबत भरती-ओहोटीची वेळही वहीत लिहा. भरतीला कांदळवनातला चिखल पाण्याखाली जातो आणि पूर्वेचा वारा उघड्या चिखलाऐवजी उबदार पाण्यावरून येतो. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. नोंद नसेल तर आठवड्यानंतर वक्र का बदलला ते कळणार नाही.